अत्तर लावल्यावर तासाभरात मलाच वास येईनासा होतो. म्हणजे ते भेसळीचे आहे का? अस्सल अत्तर कसे ओळखावे?

आपला प्रश्न वाचून गप्प राहवले नाही, कारण नेमक्या याच संशयावरून अमळनेरच्या आमच्या दुकानात मी आणि माझे थोरले काका, म्हणजे नाना, यांच्यात पडलेली अढी अजून सुटलेली नाही.

स्वतःला वास न येणे हा भेसळीचा पुरावा मुळीच नाही. एकच गंध सतत नाकाशी राहिला की घ्राणपेशींची संवेदना मंदावते आणि मेंदूही त्या संदेशाची दखल घेईनासा होतो. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला मात्र उंबऱ्यावरच येतो, तो याच कारणाने.

ऐन लग्नसराईत, मे महिन्याच्या उन्हात, एक गृहस्थ आमच्याकडून नेलेली खसाची, म्हणजे वाळ्याच्या अत्तराची, कुपी परत घेऊन आले. दोन्ही कानांत फाये होते, खांद्यावरचा रुमाल अत्तराने डागाळलेला होता, आणि ते पायरी चढण्याआधीच खस आत गल्ल्यापर्यंत पोहोचला होता. तरीही ते तावातावाने म्हणाले, "शेठ, यात पाणी आहे. आमच्या वडिलांच्या कानातला खस गल्लीच्या टोकापर्यंत यायचा." शेजारी बांगड्या पाहणाऱ्या बायका पदर नाकाला लावून हसत होत्या. मी त्यांना कानातले फाये काढून थोडा वेळ बाहेर वाऱ्यावर बसायला सांगणार, तोच नानांनी मुकाट्याने पैसे परत केले. पुढच्या हंगामापासून त्यांनी 'कडक' माल ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच श्वासाला झोंबणारा आणि संध्याकाळपर्यंत डोके धरायला लावणारा तो माल आजही खपतो, आणि नाना तेवढेच प्रमाण मानतात.

त्या गृहस्थांची तक्रार खोटी नव्हती, पण तिचा रोख चुकला होता. गंधाचा संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा फार जवळच्या वाटेने पोहोचतो. त्यामुळे वडिलांचा खस त्यांच्या आठवणीत कधीच फिका पडणार नव्हता, हातातल्या कुपीतला मात्र थकलेल्या नाकापुढे हरणारच होता. नाक हे साधे यंत्र नव्हे. माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारची गंधग्राहके, म्हणजे वास टिपणारी प्रथिने, असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 साली या गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला आणि 2004 साली त्यांना नोबेल मिळाले. एवढ्या गुंतागुंतीच्या इंद्रियाची परीक्षा 'झोंबते की नाही' या एकाच कसोटीवर घेणे मला पटत नाही.

नानांचे दुसरे ठाम मत असे, की अल्कोहोल नाही म्हणजे अत्तर अस्सल. हे साफ चूक आहे. लिक्विड पॅराफिन या खनिज तेलातही अल्कोहोल नसते, आणि स्वस्त अत्तरे सर्रास त्यातच बनतात. उत्तर प्रदेशातल्या कन्नौज या अत्तरांच्या गावच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते. चंदनतेल सावकाश उडते, म्हणून तो गंध अंगावर रेंगाळतो. चंदनाशिवाय काढलेला शुद्ध अर्क म्हणजे रूह, आणि त्याची किंमत निराळीच असते. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा पन्नास रुपयांच्या कुपीत खरा गुलाब शोधू नये. अर्थात कृत्रिम म्हणजे वाईटच, असे माझे म्हणणे नाही. जे आहे ते सांगून विकावे, एवढेच.

ओळखण्याचा बिनचूक घरगुती उपाय नाही. पाण्यात थेंब टाकून पारखणे हा निव्वळ पोरखेळ आहे. मनगटावर थेंब लावा, दुकानातून बाहेर पडा, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा हुंगा. आपल्या खानदेशात पारा 44-45 अंशांवर गेला की लिंबूवर्गीय वास भराभर उडतात, त्याचा दोष दुकानदाराला देऊ नका. एक सांगायचे राहिले. सर्दी नसताना फोडणी, कापूर यांचाही वास येत नसेल, तर अत्तर बदलण्याऐवजी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. एरवी कानात फाया ठेवणे काही दिवस बंद करा, आणि पुन्हा अत्तर लावण्याआधी घरातल्या कुणालातरी विचारून घ्या.