विचारा की! : बोलून पोस्ट लिहायची म्हटलं तर

प्रश्न : ताई, तासगावला आमचा बेदाण्याचा छोटा घरगुती धंदा आहे, फेसबुक पेजवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसला माल टाकते. पाकिटं भरायच्या गडबडीत टाइप करायला हात मोकळा नसतो. मध्ये एका ॲपची जाहिरात बघितली, नुसतं बोला, पोस्ट आपोआप पडेल, पहिला महिना फुकट. घेतलं तर ते फेसबुकचं लॉगिन मागतंय. देऊ का? आणि आपल्या सांगलीकडचं बोलणं त्याला झेपतं का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : लॉगिन देऊ नका ताई. पासवर्ड त्या ॲपच्याच खिडकीत टाकायला सांगत असतील तर विषयच संपला, ॲप काढा, आणि टाकून झाला असेल तर आजच्या आज बदला. समजा फेसबुकचीच परवानगीची स्क्रीन येतीय, तरी तिथं तुमच्या पेजच्या नावानं पोस्ट टाकायची मुभा मागितलेली असते, म्हणजे मशीननं जे ऐकलं ते तुम्ही न वाचताच गिऱ्हाइकापुढं. (मशीन काय काय ऐकतं ते पुढं सांगते.) मुभा आधीच देऊन बसला असाल तर फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'ॲप्स अँड वेबसाइट्स' किंवा 'बिझनेस इंटिग्रेशन्स' आहे, तिथून काढता येते.

आणि मुळात ह्यासाठी वेगळं ॲप लागतंच कशाला? बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचा जीबोर्ड कीबोर्ड आधीपासून असतो, नसला तर प्ले स्टोअरवर फुकट आहे, आणि 2017 पासून त्यात मराठीत बोलून लिहिता येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडायची, लिहिताना स्पेसबार दाबून धरून मराठी निवडायची आणि वरचा माइक दाबून बोलायचं. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टा, जिथं कीबोर्ड उघडतो तिथं हा माइक चालतो आणि 'पोस्ट'चं बटण तुमच्याच हातात राहतं.

आता झेपतं का ते. तुमचं पत्र आल्यावर मी मुद्दाम सांगलीच्या गणपती पेठेत जाऊन बोलून बघितलं, दुपारची वेळ, टेंपो, हमालांचा आरडाओरडा, हॉर्न. नुसतं 'बेदाणा' म्हटलं की 'वेडा ना' यायचं, परत म्हटलं की परत तेच. मग 'द्राक्षं वाळवून केलेला तासगावचा हिरवा बेदाणा' असं सलग बोलले तर पहिल्या दणक्यात बरोबर आलं! कारण ते नुसता आवाज ऐकत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून इथं कुठला शब्द बसेल त्याचा अंदाज बांधतं. म्हणून एकेक शब्द तोडून, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलल्यासारखं बोलू नका, त्यानं उलट जास्त घोळ होतो. मनात वाक्य पूर्ण जुळवा आणि नेहमीच्या चालीत बोलून टाका, फोन तोंडाजवळ धरून.

आपल्या बोलीचं म्हणाल तर 'लई भारी' छान येतं, 'गेलतो' कधी जसंच्या तसं येतं तर कधी 'गेलं तो', आणि 'हाय' म्हटलेलं बऱ्याचदा 'आहे' होऊन येतं. मला विचाराल तर मालाच्या पोस्टला ते चालतंय की, पण तुमची गिऱ्हाइकं तुमच्या बोलण्यावर खूश असतील तर तेवढे शब्द हातानं परत आपले करून घ्या.

खरी भीती भावाची. 'पावणेतीनशे' म्हटलं तर मला 'पाहुणे तीनशे' लिहून आलं, आता ही बेदाण्याची पोस्ट आहे का लग्नाची पत्रिका! त्यामुळं भाव, वजन आणि फोन नंबर बोलू नकाच, 275 असं आकड्यात टाइप करा. पत्ता-नंबर दरवेळी टाकायचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डच्या 'पर्सनल डिक्शनरी'त तो एकदा भरून ठेवा आणि त्याला दोन अक्षरांचा शॉर्टकट द्या, ती दोन अक्षरं टाकली की अख्खा पत्ता वर सुचतो, त्यावर बोट ठेवायचं. विरामचिन्हंही हातानंच, मी 'पूर्णविराम' म्हटलं तर त्यानं इमानदारीत 'पूर्णविराम' हा शब्दच लिहिला.

अजून एक, थेट स्टेटसमध्ये बोलू नका. आधी नोट्समध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करून बघा, वाचा, मग कॉपी करून टाका. फेसबुकची पोस्ट नंतर दुरुस्त करता येते, व्हॉट्सॲपचा मेसेज फक्त 15 मिनिटांच्या आत, आणि तोवर तो पुढं चार ग्रुपात गेलेला असतो. शेडवर रेंज नसली तर माइकच्या भरवशावर राहू नका, माझ्या फोनवर तर नेट गेलं की मराठी माइक अडूनच बसतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. जुन्या साताऱ्याच्या आठवणी फेसबुकवर लिहितो. फोनच्या माइकवर बोलताना जरा आठवायला थांबलो की तो बंद पडतो. लांब मजकुरासाठी दुसरं काही?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर, घरात लॅपटॉप असेल तर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडा. 'टूल्स'मध्ये 'व्हॉइस टायपिंग' आहे, माइकच्या चित्रावरची भाषा मराठी करा आणि सुरू व्हा. जास्त वेळ गप्प राहिलात तर तेही थांबतं, पण झालेला मजकूर जागेवर सेव्ह असतो, परत क्लिक करून पुढं बोलता येतं. पंखा बंद ठेवा आणि माइक असलेला साधा वायरवाला हेडफोन लावा, फरक पडतो. किल्ल्यांची, पेठांची नावं बोलून झाल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, अजिंक्यताऱ्याचे 'अजिंक्य तारा' असे दोन तुकडे माझ्याकडं तरी हमखास होतात, ते 'फाइंड अँड रिप्लेस'नं एका झटक्यात जोडता येतात.