नियंत्रित औषध पुरवठ्यासाठी हायड्रोजेल (पाणी शोषून फुगणारी पॉलिमरची जाळी) चांगलं की नॅनो-वाहक (औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण)? एम.फार्म.च्या प्रोजेक्टला काय घेऊ?

तुम्ही प्रोजेक्टचा विषय विचारलाय, पण प्रश्नाच्या खाली सहज एक ओळ लिहिलीय: ‘शेवटी मॉलिक्यूल तोच, वाहक म्हणजे पॅकिंग, मग कुठलाही घेतला तरी काय फरक पडतो?’ मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. वाहक बदलला की औषध बदललं. डोस बदलतो, विषारीपणा बदलतो, ड्रिप किती तास चालवायची तेही बदलतं. हे ज्याला पटत नाही त्याने फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे रेणूपासून देण्याजोगं औषध घडवण्याच्या कामात, येऊ नये.

मी हॉस्पिटल फार्मसिस्ट आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला तेव्हा नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात होते. त्यावरचं बुरशीनाशक, लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांतलं) अँफोटेरिसिन-बी मिळत नव्हतं. केंद्राने राज्याला द्यायचं, राज्याने पुढे वाटायचं, आणि आमच्यापर्यंत येईतो ते कुणालाच पुरायचं नाही. मग नातेवाईक मिळेल तिथून व्हायल आणायचे, कुणी रायपूरहून, कुणी हैदराबादहून, बर्फाच्या डब्यात घालून. आमच्या फ्रिजमध्ये डिऑक्सिकोलेटवालं साधं अँफो, लिपिड कॉम्प्लेक्स, इमल्शन आणि लायपोसोमल असे सगळे प्रकार शेजारीशेजारी आले. प्रत्येकावर ठळक अक्षरांत ‘अँफोटेरिसिन-बी ५० मिग्रॅ’. प्रकार सांगणारा शब्द मात्र बारीक.

एका संध्याकाळी मी साठा मोजायला वॉर्डात गेले, तर सिस्टर सायनसचं ऑपरेशन झालेल्या एका काकांचं इंजेक्शन तयार करत होत्या. वजन साठ किलो. ट्रीटमेंट शीटवर लिहिलेलं: अँफो-बी ३०० मिग्रॅ. म्हणजे किलोमागे ५ मिग्रॅ, लायपोसोमलच्या हिशेबाने अगदी बरोबर. पण ट्रेमध्ये ज्या सहा व्हायल होत्या त्या साध्या अँफोच्या! मुलाने दिवसभर वणवण करून त्या मिळवल्या होत्या. सिस्टरांची यात काही चूक नाही, शीटवर नाव होतं आणि व्हायलवरही तेच नाव होतं. मी थांबवलं. आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) फोन लावला तर म्हणाले, ‘मॅडम, अँफो म्हणजे अँफो. लायपो म्हणजे वरचं कोटिंग. उगाच उशीर करू नका.’

साध्या अँफोची कमाल मर्यादा दिवसाला किलोमागे दीड मिग्रॅ आहे. काकांसाठी ती होते ९०. तीनशे गेलं असतं तर हृदय आणि श्वास बंद पडण्याचा धोका होता, आणि ते त्याच खोक्यातल्या माहितीपत्रकावर छापलेलं आहे. मी ती घडी उलगडून कानाघशाच्या सरांसमोर धरली. ते नुकतेच ओटीतून बाहेर आले होते. उभ्याउभ्या वाचलं, शीटवरचे ३०० खोडून ६० लिहिले, आधी सलाईन, मग डेक्स्ट्रोजमधून सहा तास ड्रिप, मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला रोज रक्तातलं क्रिएटिनीन आणि पोटॅशियम. काका चालत घरी गेले. याचा मला आजही अभिमान आहे.

आता यातलं शास्त्र. अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं, पण आपल्या पेशींतल्या कोलेस्टेरॉललाही काही प्रमाणात चिकटतं, म्हणून मूत्रपिंडाला त्रास. लायपोसोमलमध्ये १०० नॅनोमीटरहून लहान मेदगोळी असते आणि औषध तिच्या पटलातच गुंतलेलं असतं. त्या पटलात कोलेस्टेरॉल मुद्दाम घातलेलं असतं, त्यामुळे बुरशी भेटेपर्यंत औषध बरंचसं तिथेच टिकतं. म्हणूनच तिप्पट-चौपट मात्रा सहन होते. एका देशी लायपोसोमल अँफोच्या चाचण्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाल्या होत्या. त्याची व्हायल देण्याआधी सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी द्रव हलवणाऱ्या यंत्रात) ठेवावी लागते. हे ‘पॅकिंग’ असतं तर एवढे सोपस्कार कशाला लागले असते?

कर्करोगातही हेच. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, आणि साध्या डॉक्सोरुबिसिनच्या जागी तितकेच मिलिग्रॅम देऊ नका असा इशारा त्याच्यासोबत येतो. हृदयाला होणारी इजा कमी झाली, पण तळहात-तळपाय सोलवटण्याचा नवा त्रास आला.

हायड्रोजेलकडे मी दुर्लक्ष करतेय असं वाटू देऊ नका. प्रसूती सुरू करण्यासाठी डायनोप्रोस्टोन देतात. गर्भाशयमुखात लावायच्या जेलमध्ये ते अर्धा मिग्रॅ असतं, हायड्रोजेलच्या चपट्या इन्सर्टमध्ये १० मिग्रॅ. आकडे पाहून घाबरायला होतं, पण इन्सर्ट फुगत फुगत तासाला साधारण ०.३ मिग्रॅच सोडतं. शिवाय त्याला फीत असते. कळा अति झाल्या की ओढून बाहेर. लावलेलं जेल असं परत घेता येत नाही. नियंत्रित पुरवठा म्हणतात तो हा, आणि ‘थांबवता येणं’ हा नियंत्रणाचा अर्धा भाग आहे. नॅनोकण एकदा शिरेत गेले की गेले.

म्हणून माझं मत हायड्रोजेलच्या बाजूने. नॅनो घेऊन ‘ट्यूमरवर अचूक मारा’ असलं शीर्षक देऊ नका. २०१६ मध्ये टोरोंटोच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी ट्यूमरपर्यंत पोचणाऱ्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. हायड्रोजेलचीही दुखणी आहेतच: सुरुवातीलाच भसकन सुटणारं औषध, निर्जंतुक करताना बिघडणारी जाळी, लहान आणि पाण्यात विरघळणारे रेणू धरून न ठेवणं. पण ती एम.फार्म.च्या प्रयोगशाळेत, हाताशी असलेल्या सामानात तपासता येतात.

त्या प्रकरणानंतर मी व्यवस्थापनाकडे एकच नियम मागितला होता: वाहकाचा प्रकार आणि किलोमागे डोस फार्मसिस्टने स्वतः वाचल्याशिवाय अँफोची व्हायल वॉर्डात जाऊ नये. उत्तर मिळालं, फार्मसिस्टने काउंटर सांभाळावं, डोस डॉक्टर बघतील. फार्मसिस्टचं काम ठरवणारी फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्येच आली होती, तरी हे उत्तर. मी ती नोकरी सोडली. आता जिथे आहे तिथे हा नियम लेखी आहे.

राहून गेलेलं एक: साधं अँफो वाईट औषध नाही. लायपोसोमल मिळेना तेव्हा कितीतरी जीव त्यानेच धरून ठेवले. आणि मी संशोधक नाही, पॉलिमरची निवड गाईडना विचारा. फक्त रिलीज स्टडी (वाहकातून औषध किती वेगाने सुटतं याची तपासणी) प्रयोगशाळेतल्या बफर द्रावणातल्या सुंदर आलेखावर संपवू नका. शेवटच्या प्रकरणात तुमच्या वस्तूचं लेबल लिहा: मॉलिक्यूलच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात वाहकाचं नाव, सध्याच्या औषधाशी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बदलता येतं की नाही, कशात मिसळायचं नाही, आणि त्रास झाला तर थांबवायचं कसं. गाईड म्हणतील की हे फार्मास्युटिक्सचं काम नाही. तरी लिहा.