कलोनियल कझिन्सचा पहिला अल्बम एवढा का गाजला? आज ऐकावा का?

जरूर ऐका, आणि सुरुवात 'कृष्णा' या गाण्यापासून करा.

हरिहरन आणि लेस्ली लुईस या जोडीचा हा अल्बम १९९६ मध्ये आला. व्यासतीर्थांच्या 'कृष्णा नी बेगने बारो' या जुन्या कन्नड पदाला त्यांनी इंग्रजी ओळी जोडल्या. एमटीव्हीच्या पुरस्कारांत प्रेक्षकांची पसंतीही या जोडीला मिळाली. तेव्हा इंडीपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरची आपली पॉप गाणी, बहुतेक नाचाचीच. इथे मात्र लेस्लीची गिटार शांत चालते आणि हरिहरन आलाप घेतात तेव्हा कुठे घाई नाही, मुरकी (सुरांचं छोटं, चपळ वळण) पूर्ण घेऊनच ते पुढे जातात. माझ्या मते यशाचं खरं कारण हेच.

आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटत नाही. बुवा अभंग धरतात, मग चाल बदलून गजर रंगवतात. तसंच इथेही पद एका चालीतून दुसरीत सहज जातं. 'सा नि ध प' तर पेटी शिकणाऱ्या पोरांना मुद्दाम ऐकवा.

सगळीच गाणी त्या तोडीची नाहीत. निव्वळ इंग्रजी वळणाची काही मला फिकी वाटतात. आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. दोघांचे आवाज वेगवेगळे कळतात.