प्रबंध लेकीचा, विषय बाबांचा

प्रश्न: मुलगी पुण्यात बीबीए-आयबीच्या (आंतरराष्ट्रीय व्यवसाय) चौथ्या वर्षाला, ऑनर्स विथ रिसर्चला आहे. आमची निफाड तालुक्यात सहा एकर द्राक्षबाग आहे. प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचाय, मग व्हायवा (तोंडी परीक्षा). तिला द्राक्ष निर्यातीवर लिहायचं होतं. पण पुढे जर्मनीला एमएस्सीला पाठवायचंय, तिथे द्राक्षं काय दाखवणार? म्हणून आम्ही ‘भारत-युरोपीय संघ मुक्त व्यापार कराराचा भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणाम’ हा विषय ठरवला. एक सर 15,000 रुपयांत पूर्ण प्रबंध, पीपीटी आणि 10 टक्क्यांच्या आतला प्लॅगॅरिझम (वाङ्मयचौर्य) रिपोर्ट देतात. 5,000 देऊन झालेत. मुलगी अबोल आहे, व्हायवाला घाबरते. तिची तयारी कशी करून घ्यावी?
— एक वडील, निफाड

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. त्यात ‘आम्ही ठरवलं’ आहे, ‘सर देतात’ आहे, ‘करून घ्यावी’ आहे. मुलीच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, ‘तिला द्राक्ष निर्यातीवर लिहायचं होतं’, आणि तेसुद्धा भूतकाळात. विषय तुमचा, लेखन सरांचं, आणि जाब मात्र तिने द्यायचा. अशा वेळी चांगलं बोलकं माणूसही गप्प बसेल. तेव्हा अबोलपणावर उपाय शोधण्याआधी ती घाबरते कशाला, ते एकदा तिलाच विचारा.

आणि ही मुलगी कच्ची आहे असं तुम्ही धरून का चाललात, ते मला कळलं नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या आराखड्यात चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ती चाळणी तिने स्वतःच्या बळावर पार केलीय. संशोधन प्रकल्पाला 12 क्रेडिट आहेत. एवढं वजन असलेलं काम 15,000 रुपयांना बाहेर देणं याला मदत म्हणत नाहीत. पकडलं गेलं तर नाव तिचं जाईल. सर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेले असतील.

‘10 टक्क्यांच्या आतला रिपोर्ट’ याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण सॉफ्टवेअर मोजतं ते शब्दांचं साम्य. मजकूर कोणी लिहिला, हे त्याला कळत नाही. दुसऱ्याने कोरा करकरीत लिहून दिलेला प्रबंध शून्य टक्के दाखवेल आणि तरीही तो शंभर टक्के तिचा नसेल. उलट प्रामाणिक मुलीच्या प्रबंधात कराराच्या कलमांची नावं आणि सरकारी तक्त्यांचे मथळे जुळून टक्का वाढू शकतो. त्याने काही बिघडत नाही, संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळतात. विकाऊ प्रबंधांत टक्का उतरवायला मजकूर शब्द बदलणाऱ्या यंत्रातून काढतात. मग ‘फ्री ट्रेड’चं ‘कॉम्प्लिमेंटरी कॉमर्स’ होतं. परीक्षकाला पहिल्या पाच पानांत वास येतो आणि तो नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवतो: ‘हे म्हणजे काय, सांगाल का?’

आता तुमचा विषय. त्या कराराच्या वाटाघाटी 2007 मध्ये सुरू झाल्या, 2013 मध्ये थांबल्या, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. ‘परिणाम’ मोजायला करार लागू झाल्यानंतरची काही वर्षं हातात लागतात. ती नसताना मुलगी मोजणार काय? वर पुन्हा ‘भारतीय अर्थव्यवस्थेवरील’. एवढ्या पसाऱ्यातून कराराचा वाटा वेगळा काढणं मुरलेल्या अर्थशास्त्रज्ञांनाही जड जातं. पदवीच्या प्रबंधात त्याची जागा मग वर्तमानपत्री वाक्यं घेतात. जर्मनीचं म्हणाल तर तिथे एपीएस प्रमाणपत्र (इथल्या पदवीच्या कागदपत्रांची पडताळणी), विषयवार क्रेडिट आणि भाषा आधी बघतात. प्रबंधाच्या नावात ‘युरोप’ आहे म्हणून कोणी दार उघडत नाही.

तिचा विषय तिला परत द्या. कोणत्याही आंतरराष्ट्रीय व्यापार विभागात अभिमानाने मांडावा असाच तो आहे, फक्त तो बारीक करावा लागेल. ‘भारताची द्राक्ष निर्यात’ हे पुस्तकाचं नाव झालं. ‘नेदरलँड्सला जाणारी ताजी द्राक्षं, गेले 10 हंगाम: प्रमाण, किलोमागे दर आणि तांबड्या समुद्रातल्या संकटाचा भार’ हे चार महिन्यांत पुरं होणारं काम आहे. 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि 2024 चा हंगाम त्यातच सापडला. प्रवास लांबला की देठ सुकतात, मणीगळ होते, भाडं वाढतं. हे वाढीव भाडं शेवटी कोणाच्या खिशातून गेलं, आयातदाराच्या, निर्यातदाराच्या की बागायतदाराच्या? हा खरा संशोधन-प्रश्न. तुमच्या ओसरीवर त्याची चर्चा कित्येकदा झालीही असेल.

आकडे कुठे चुकतात ते तिने पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावं. एचएस कोड म्हणजे व्यापारात प्रत्येक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो चार आकडी 0806 घेतला तर ताज्या द्राक्षांत तासगावचे बेदाणेही मिसळतात. ताज्यासाठी 0806 10, बेदाण्यांचं खातं 0806 20. हिरवी थॉमसन आणि रंगीत जाती मात्र हा कोडही वेगळ्या काढत नाही. त्यामुळे किलोमागे दर वाढलेला दिसला तर भाव वाढला की रंगीत मालाचं प्रमाण, हे नुसत्या तक्त्यावरून सांगता येत नाही.

दुसरी चूक याहून बेमालूम. वाणिज्य मंत्रालयाची वार्षिक आकडेवारी एप्रिल ते मार्च अशी, संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापार-आकडेवारीच्या साठ्यातली जानेवारी ते डिसेंबर. तुमच्या एकाच बागेतला माल 28 मार्चच्या आणि 3 एप्रिलच्या कंटेनरने न्हावाशेवा बंदरातून गेला, तर मंत्रालयाच्या तक्त्यात तो दोन वेगळ्या वर्षांत पडतो. द्राक्षांचा निर्यात हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. आर्थिक वर्ष त्याचे दोन तुकडे करतं, कॅलेंडर वर्षात तो अखंड राहतो. म्हणून तिने कॅलेंडर वर्ष घ्यावं किंवा मासिक आकडे घेऊन हंगाम स्वतः जोडावा, आणि तसं का केलं ते पद्धतीच्या प्रकरणात चार ओळींत लिहावं. व्हायवातला ‘हीच वर्षं का?’ हा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

तिसरं, रॉटरडॅम, म्हणजे नेदरलँड्सचं मोठं बंदर. नेदरलँड्सला गेलेली सगळी द्राक्षं डच लोक खात नाहीत. तिथे उतरून बराच माल जर्मनीसारख्या शेजारी देशांत पुढे जातो. ‘नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांना सर्वाधिक मागणी’ असं वाक्य प्रबंधात दिसलं की परीक्षक खूश होतो, कारण त्याला आयती चूक सापडते. आणि आपल्याकडचा निर्यातीचा आकडा एफओबी, म्हणजे भाडं-विमा सोडून, त्यांच्याकडचा आयातीचा सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून. दोन्हींत फरक दिसला म्हणून लगेच कमी बिलं दाखवल्याचा आरोप करायचा नाही.

अर्थतज्ज्ञ बेला बलासाचा 1965 चा तुलनात्मक लाभाचा निर्देशांक बहुतेक मुलं लावतात, तिनेही लावावा. भारताच्या एकूण निर्यातीतला द्राक्षांचा वाटा भागिले जगाच्या एकूण निर्यातीतला द्राक्षांचा वाटा. उत्तर 1 च्या वर आलं तर लाभ आहे असं मानतात. मेख अशी की द्राक्षं तेवढीच गेली आणि देशाची बाकी निर्यात घसरली, तरी निर्देशांक वर जातो. हे तिने आपणहून लिहिलं तर परीक्षकाच्या हातातला एक प्रश्न कमी झाला.

100 जणांचा गुगल फॉर्म नको. तो वर्गातली पोरंच एकमेकांत भरतात, आणि ‘निर्यात फायदेशीर आहे का, सहमत की असहमत’ यातून काहीच निघत नाही. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत पॅकहाउस (निर्यातीचा माल निवडून भरतात ती जागा) चालू असताना 10-12 निर्यातदारांच्या मुलाखती घ्याव्यात. सगळ्यांना तेच 8 प्रश्न. माल ठरलेल्या भावाने गेला, आयातदाराने हमी दिलेल्या किमान भावाने की तिथे विकल्यावर हिशेब, हे प्रत्येकाला विचारायचंच, कारण वाढीव भाडं कोणावर पडतं ते त्यावर ठरतं. नावांऐवजी अ, ब, क. तुमच्याकडच्या निर्यातदारांच्या जुन्या पट्ट्या (मालाच्या हिशेबाच्या पावत्या) काढून द्या. एका बागेचं उदाहरण म्हणून त्या चालतील, सगळ्या तालुक्याचा पुरावा म्हणून नाही. डाउनलोड केलेली मूळ फाइल तारखेसह वेगळी ठेवायची, कारण हे आकडे मागाहून सुधारले जातात आणि दोन महिन्यांनी बेरीज जुळत नाही.

वेळ अशी लागेल: डिसेंबरात आकडे आणि प्रश्नावली, पुढचे दोन महिने मुलाखती, मार्चचे पहिले तीन आठवडे लेखन. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहावी. व्हायवाला 10 स्लाइड पुरतात, त्यातल्या दोन पद्धतीवर आणि एक मर्यादांवर. पाठांतर करून घेऊ नका. रोज एक तक्ता समोर ठेवून तिने तुम्हाला समजावून सांगावा. तुम्ही माल पाठवणारे आहात, ‘हा भाव आम्हाला तर मिळाला नाही’ असं तुम्ही म्हणालात की तिची खरी तोंडी परीक्षा झाली. उत्तर येत नसेल तर ‘हे माझ्या आकड्यांतून सांगता येत नाही, त्यासाठी अमुक माहिती लागेल’ असं म्हणायची सवय लावा. परीक्षकाला ते उत्तर चालतं, थाप चालत नाही.

ते 5,000 गेले असं समजा. विषयबदलासाठी तिने या आठवड्यातच मार्गदर्शकांना भेटावं, एका पानावर शीर्षक, कोड, वर्षं आणि तीन प्रश्न लिहून. मुलाखतींना तिला गाडीने पोहोचवा, ओळखीही काढून द्या. पण पॅकहाउसच्या आत जाऊ नका, गाडीतच बसा. तुम्ही समोर असलात की निर्यातदार तिला सोडून तुमच्याशीच बोलेल.