वाचक विचारतात : ब्राह्मी कोणती, किती आणि कुठली?

प्रश्न : रोपवाटिकेतून ‘ब्राह्मी’ आणली, तिची पाने गोल, कातरलेल्या कडांची आहेत. मैत्रिणीच्या कुंडीतली ब्राह्मी बारीक, जाड पानांची. खरी कोणती? मुलगा दहावीला आहे, त्याला देऊ का?
– वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तुमची ती मंडूकपर्णी, मैत्रिणीची ब्राह्मी. रोपवाटिकांत दोन्ही एकाच नावाने विकतात. मंडूकपर्णीला लांब देठावर एकेक पान असते. ब्राह्मीची रसरशीत पाने समोरासमोर जोडीने येतात, देठ जवळजवळ नसतोच. फूल पांढरे किंवा फिकट जांभळे, चव कडूजहर. तुम्ही फसलात असे मात्र नाही. चरकाने सांगितलेल्या चार मेध्य (बुद्धी, स्मरणशक्ती वाढवणाऱ्या) रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस, म्हणजे ताजा रस, आहेच. उरलेली तीन म्हणजे ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी.

मात्रा दोघींची वेगळी, म्हणून आधी ओळख पटवायची. मोठ्या माणसाला ब्राह्मीचे चूर्ण दिवसाला 1 ते 3 ग्रॅम, मंडूकपर्णीचे 3 ते 6 ग्रॅम. आधुनिक चाचण्या बहुतेक प्रौढांवर झाल्या, त्याही रोज 300 मिलिग्रॅम अर्क साधारण 12 आठवडे देऊन. अर्क म्हणजे चूर्ण नव्हे, तेव्हा तो आकडा चमच्याला लावू नका. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाजलेल्या रसाने काही होत नाही; झालेच तर पोट बिघडते. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ, मुरडा, पातळ शौच हे नेहमीचे. म्हणून जेवणानंतर, दुधातून किंवा तुपातून. मुलाची मात्रा वैद्यांकडूनच ठरवून घ्या. थायरॉइडच्या, फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, नाडी मंद असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : द्राक्षबागेच्या पाटाकडेला ब्राह्मी माजली आहे. वापरावी का?
– वाचक, निफाड

उत्तर : खाण्यासाठी नको. ही वनस्पती पाण्यातले तांबे, शिसे, कॅडमियम अंगात साठवते, आणि द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी मारलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) म्हणजे तांबेच. नाल्याकाठच्या ब्राह्मीलाही हेच लागू. बोटभर लांबीच्या फांद्या मात्र जरूर घ्या. पसरट टबात स्वच्छ माती आणि कुजलेले शेणखत घालून दोन पेरी मातीत जातील अशा टोचा. माती सतत ओली हवी. जुन्या फांद्या छाटून टाका, नवी वाढच वापरा. एप्रिल-मेमध्ये अर्धी सावली द्या. थंडीत वाढ खुंटते, ते चालायचेच.

प्रश्न : घरी केलेले ब्राह्मी तेल महिन्यात खवट झाले.
– वाचक, पंचवटी

उत्तर : पाणी राहिले. एक वाटी तेलाला चार वाट्या रस आणि थोडा वाटलेला पाला घाला, आच मंद ठेवा. तेलावर फेस आला की तळाचा चोथा बोटांत वळून पाहा. त्याची वात वळली आणि ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, तर उतरवा. तडतड म्हणजे ओल. चोथा काळा पडला तर तेल करपले. कोमट असतानाच गाळा. बाटली उन्हात वाळवलेली हवी, नुसती पुसलेली नव्हे.