सोयाबीन दुपारी मान टाकते, ते जनुकांमुळे?

प्रश्न : सांवेरकडच्या शेतात शेजारीशेजारी सोयाबीनचे दोन वाण आहेत. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली, तेव्हा एक दुपारी माना टाकून होता, दुसरा ताठ. ताठ वाणात दुष्काळाचे जनुक असते का? पुढे सगळीकडे तोच पेरावा का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : दुष्काळाचे असे एकच जनुक नसते. पेशींच्या पटलात पाणी जाऊ देणारी ॲक्वापोरिन नावाची प्रथिने असतात (त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003चे नोबेल मिळाले). सोयाबीनमध्ये त्यांची साठाहून अधिक जनुके आहेत. पानांची रंध्रे मिटवणारे ॲब्सिसिक आम्ल बनवणारी जनुके वेगळी, मुळे खोल नेणारी आणखी वेगळी.

उशिरा कोमेजणाऱ्या ‘पीआय 416937’ या सोयाबीनमध्ये पानांतून पाण्याचा प्रवाहच मर्यादित असतो. हवा फार कोरडी झाली की त्याचे बाष्पोत्सर्जन एका पातळीवर थांबते आणि वाचलेले पाणी शेंगा भरताना कामी येते. पण रंध्रे आवळली की कार्बन डायऑक्साइडही कमी मिळतो, म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी असा वाण मागे पडू शकतो. उथळ, मुरमाड जमिनीत हा सौदा परवडतो. खोल काळ्या जमिनीत सरसकट तोच पेरणे आम्हाला पटत नाही.

आधी दोन्ही तुकड्यांत फूटभर नव्हे, तीन फूट खणून पाहा. मुरूम एकीकडे वर असेल, तर दोष वाणाचा नाहीच. मग सारख्या मोठ्या कुंड्यांत त्याच शेतातली माती भरून प्रत्येक वाणाची चार रोपे वाढवा. फुलोऱ्याआधी भरपूर पाणी द्या, निथळू द्या, माती प्लास्टिकने झाका आणि सकाळी 8, 11 व दुपारी 3 वाजता वजन करा. घटलेले वजन म्हणजे पानांतून गेलेले पाणी. पाने कमीजास्त असतील तर पानांच्या क्षेत्रफळाने भागा, नाहीतर छोटे रोप उगाच काटकसरी ठरते. सकाळी दोन्ही सारखे आणि दुपारी एक मागे, तर तो खरोखर हात आखडणारा वाण.

पाणी साचूनही सोयाबीन कोमेजते, कारण प्राणवायूअभावी मुळांच्या पेशी आंबट होऊन ॲक्वापोरिन मिटतात. तिथे पाणी देऊ नका, चर काढा. खंड लांबला तर 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट (100 लिटरला 1 किलो) फवारता येते, मात्र संध्याकाळी. माना टाकलेल्या पिकावर भर उन्हात फवारले तर पाने करपतात.