विंडोज ११ वर गेल्यावर निळा पडदा : दोष अँटिव्हायरसचा की विंडोजचा?

फोंड्याच्या सदस्यांची अडचण थोडक्यात अशी : हिशेबाच्या कार्यालयातील संगणक विंडोज १० वरून ११ वर नेल्यापासून तो मध्येच निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू होतो, अँटिव्हायरसची मुदत अजून शिल्लक आहे, विक्रेता विंडोजला दोष देतो आणि दुरुस्ती करणारा अँटिव्हायरसला.

माझ्या मते दोघेही अर्धेच बोलत आहेत. अँटिव्हायरस हा हिशेबाच्या टॅलीसारखा साधा प्रोग्राम नव्हे. उघडली जाणारी प्रत्येक फाइल आधी तपासता यावी म्हणून तो आपले ड्रायव्हर (विंडोजशी जोडून काम करणारे छोटे प्रोग्राम) थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसवतो. साधा प्रोग्राम चुकला तर तेवढाच बंद पडतो, पण कर्नलमधला ड्रायव्हर चुकला की विंडोजला संपूर्ण यंत्रच थांबवावे लागते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक असेच कोसळले होते. उलट बाजूचे उदाहरण जानेवारी २०१८ चे आहे. प्रोसेसरमधील मेल्टडाउन नावाच्या त्रुटीवरील विंडोजची दुरुस्ती काही अँटिव्हायरसशी जुळेना, तेव्हा अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, सुसंगततेची नोंद केलेली नसेल, तर त्या संगणकाला मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट देणेच थांबवले. म्हणजे राखणदारामुळेच घराची डागडुजी अडली.

तुमची मुदत शिल्लक आहे याचा अर्थ वर्गणी चालू आहे, एवढाच; बसवलेली आवृत्ती विंडोज ११ साठी तयार केलेली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. बहुतेक कंपन्या त्याच परवाना-किल्लीवर नवी आवृत्ती देतात, पण ती अनेकदा आपण होऊन बसवावी लागते, हे विकताना कोणी सांगत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी टॅलीच्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ मध्ये डिस्कचे कूटबंधन अनेकदा मालकाच्या नकळत चालू झालेले असते, आणि अडचण आल्यावर सेफ मोडकडे (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करण्याकडे) जाताना नेमकी तीच किल्ली मागितली जाते. मग सेटिंग्जमधून अँटिव्हायरस काढा आणि त्यानंतर त्याच कंपनीचे स्वतंत्र रिमूव्हल टूलही चालवा, कारण नेहमीच्या पद्धतीने काढल्यावर ड्रायव्हर पुष्कळदा मागे राहतात. यानंतर शट डाउन न करता रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउनमध्ये कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. रीस्टार्टमध्ये मात्र कर्नल नव्याने सुरू होतो. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, म्हणून यूपीएसशिवाय यातले काहीही करू नये.

दुसरा अँटिव्हायरस नसला की विंडोजमधलाच अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा घेतो. त्याच्यावर काही दिवस काम करून पाहा. पडदा थांबला तर नवी आवृत्ती बसवायची की डिफेंडरवरच राहायचे, हे तुम्ही ठरवा. कार्यालयातील लोक वाटेल ते पेन ड्राइव्ह लावत नसतील, तर मी डिफेंडरवरच राहीन. पडदा थांबला नाही, तर त्यावर खाली एसवायएस या अक्षरांनी संपणारे फाइलचे नाव दिसते का ते टिपून घ्या (अलीकडच्या विंडोज ११ मध्ये हा पडदा काळाही असतो). शिवाय विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी चालू करून पाहा. न जुळणारे ड्रायव्हर असतील तर त्यांची यादी तिथेच दिसते. तुमच्या कार्यालयात डिजिटल सहीचा टोकन असणारच, तेव्हा त्याचा जुना ड्रायव्हर आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर यांच्यावर माझा पुढचा संशय राहील.

विंडोज १० वर परतण्याची सोय अपग्रेडनंतर साधारण १० दिवसच असते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्या आवृत्तीचा नेहमीचा आधारही संपला आहे, त्यामुळे तो मार्ग मी सुचवणार नाही. टोकनचा नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, आणि जीएसटी विवरणपत्राची २० तारीख उलटल्यावरच या कामाला हात घाला.